एस.टी. सेटिंग

ठोकळा किती मिलिमीटरचा घ्यायचा, एवढं एकच मी दिवसभर ठरवत असतो. कुणी विचारलं, "काय करता सध्या?" तर मी आपलं सांगतो, कॉम्प्युटरवर काम करतो. मेंदूचे एमआरआय एका मापात बसवतो, असं खरं सांगायला गेलं की समोरचा आधी माझ्या कपाळाकडे बघतो आणि मग घड्याळाकडे.

काम असं आहे. लांबच्या एका शहरातले संशोधक म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूंचा अभ्यास करतात. ठिकठिकाणच्या सेंटरांतून जुने स्कॅन मागवतात, नावं पुसतात, नंबर घालतात आणि मला पाठवतात. एमआरआयचं चित्र म्हणजे बारक्या बारक्या ठोकळ्यांची रास. कुणाचा ठोकळा चारी बाजूंनी एक मिलिमीटरचा, कुणाचा दोनचा, कुणाचा एका बाजूनं अर्धा आणि दुसऱ्या बाजूनं पाच. मोजणी करणाऱ्या प्रोग्रामला ही भेळ चालत नाही, सगळं एका मापात लागतं. एकचा ठोकळा घेतला तर बारीकसारीक दिसतं, पण माझा कॉम्प्युटर एकेका डोक्याला अर्धा दिवस खातो आणि उन्हाळ्यात पंख्याखाली धापा टाकतो. दोनचा घेतला की काम झटक्यात उरकतं, पण आठवणी सांभाळणारा जो करंगळीएवढा भाग कानाच्या आत खोलवर असतो, त्याच्या कडा विरघळून जातात. कुठल्या डोक्याला काय घ्यायचं, ते मी ठरवतो.

सोलापुरात सात रस्त्याच्या मागं दोन खोल्या आहेत, तिथंच हे सगळं चालतं. डबा लावलाय. डबेवाल्या बाई कडीला पिशवी अडकवून जातात, बोलणं झालंच तर "आज काय?" आणि "वांगं" एवढंच. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसंही आता संपली. घरात शे-दोनशे मेंदू आहेत आणि बोलायला एक माणूस नाही. मग मी कॉम्प्युटरलाच शिव्या देतो. "चल की रे, म्हशीसारखा बसलायस नुसता!" तो काही मनावर घेत नाही.

याआधी मी पुष्कळ वर्षं एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन होतो. तिथं आमची एक रीत होती. बार्शी, वैराग, माढा, अक्कलकोट, कुठून कुठून माणसं यायची. सकाळी निघालेली, नंबर लागेस्तोवर दुपार कलायची. मग त्यांचा एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. "सायेब, तेवढं लवकर काडा की. साडेपाचची गाडी हाय, ती चुकली की मुक्काम पडतोय." बारीक कापांचा स्कॅन म्हणजे पाच-सहा मिनिटं जास्त, आणि तेवढा वेळ माणसानं हलायचंही नाही. हललं की परत पहिल्यापासून. म्हणून गाडीवाल्यांना आम्ही जाड काप लावायचो. पाच मिलिमीटरचा एक काप, मग एक मिलिमीटर सोडून द्यायचा, मग पुढचा काप. आम्ही आपापसात त्याला एस.टी. सेटिंग म्हणायचो. "गाडीचा पेशंट आहे, एस.टी. लाव." कुणी हुकूम काढला नव्हता. माणसाला गाडी मिळावी, घरचं जेवण घरी मिळावं, एवढीच त्यातली माया. रक्तस्राव, गाठ, लकवा, असलं मोठं काही असलं तर जाड कापातही दिसायचं. बारीक काही असलं तर ते राहून जायचं. वांग्याच्या जाड फोडी केल्या की अळी आतच राहते आणि आपण म्हणतो वांगं चांगलंय, तसं.

आता आईचं सांगतो, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

वडील गेल्यावर आई अक्काकडे राहिली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वैरागला दिलेली. म्हातारीनं लेकाकडे राहायचं ही आपल्याकडची रीत. पण लेक सडाफटिंग, दिवसभर ड्यूटीवर, म्हातारी दाराला कडी लावून बसणार कुणाशी बोलत? अक्कानं सासूची मनधरणी केली आणि आईला घेऊन गेली. लेकीच्या दारात राहणारी म्हातारी म्हटल्यावर गल्लीचे डोळे त्या घरावर असतातच. त्यात एक दिवस आईची सोन्याची बोरमाळ गायब झाली.

आईनं दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हिनंच घेतली. माज्या पोटच्या पोरीनंच!" अक्काच्या सासूनं ऐकलं, शेजारणींनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत गोष्ट पिठाच्या गिरणीवर पोचली.

अक्काचा मला फोन आला. रडत नव्हती, तिला रडणं जमतच नाही. म्हणाली, "आरं, आईचं काईतरी बिगडलंय. कालवनात दोनदा मीठ घालती. जेवली का न्हाई ती इसरती. लोकं काय म्हंत्यात ते जाऊ दे, तिचं डोस्कं तपास. तुज्याकडं मशीन हाय की."

दोघी एस.टी.नं आल्या. मशीनच्या खोलीत जाण्याआधी अंगावरचं सगळं सोनं-नाणं काढावं लागतं. अक्कानं आईच्या कानातल्या कुड्या काढून स्वतःच्या मुठीत घेतल्या. तर आई माझ्याकडे वळून, खोलीतल्या चार माणसांदेखत म्हणाली, "तिच्याकडनं परत घेशील बरं का. इसरू नको. माळंचं झालंय तसं व्हईल." मी हसून म्हटलं, "आई, गप की." अक्का खाली मान घालून उभी राहिली. मूठ मात्र तिनं उघडून माझ्यापुढं धरली आणि कुड्या मी माझ्या खिशात टाकल्या. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही, हे आता लिहितानासुद्धा खरं वाटत नाही.

चार वाजून गेले होते. बाहेर पाच पेशंट. आई मशीनमध्ये शिरल्यावर कुरकुरायला लागली, थंडी वाजती म्हणाली. अक्कानं काचेतून घड्याळ बघितलं. "साडेपाचची मिळंल न्हवं? सासूबाईंचं जेवन हाय." मी म्हटलं, मिळेल की. आणि हाताला सवयच होती. एस.टी. लावली. स्वतःच्या आईला.

डॉक्टरसाहेब घाईत होते. मी चित्रं दाखवली. त्यांनी खालीवर करून बघितली आणि म्हणाले, "मोठं काही दिसत नाही." हे त्यांनी बरोबर सांगितलं. दारातून बाहेर येईपर्यंत त्यातलं 'मोठं' मी गाळून टाकलं.

"काही नाही झालेलं," मी अक्काला म्हटलं. "डोकं शाबूत आहे."

"न्हाई कसं? नीट बगितलंस का?"

मला राग आला. माझं काम, माझं मशीन, आणि ही मला विचारते नीट बघितलं का! सकाळपासून पोटात अन्न नव्हतं हेही खरं. मी फाडकन बोललो, "मशीन खोटं बोलत नाही अक्का. आईचं डोकं ठीक आहे. मग ती खोटं कशाला बोलेल?"

एवढंच बोललो. पुढचं बोलायला लागलंच नाही. अक्कानं पिशवी उचलली. आई माझ्याकडे राहील, मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि एकटीच स्टँडकडे चालायला लागली. मी सोडायला गेलो नाही. बाहेर पाच पेशंट होते.

आई दीड वर्ष माझ्याकडे होती. मी नोकरी सोडून घरून काम घेतलं ते तेव्हाच. स्कॅनला येतानाही तिनं तिची वाकळ बोचक्यात बांधून आणली होती, जुन्या लुगड्यांची, स्वतः शिवलेली. तीच पांघरायची, तीच अंथरायची, धुवायला देऊ द्यायची नाही. दिवसातून दहा वेळा विचारायची, "जेवलास का? मी जेवले का?" मी ओरडायचो. "आत्ताच तर जेवलीस की, ताट अजून ओलं आहे!" ती गप्प व्हायची आणि पाचव्या मिनिटाला परत विचारायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. लक्षात आलं होतं. पण ते कबूल करायचं म्हणजे अक्काचं खरं होतं असं म्हणायचं, आणि ते माझ्यानं होईना. मी त्याला वय म्हणत राहिलो.

आई गेली. अक्का आली, सगळं केलं, बायकांत बसली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तेरावा झाला आणि दाजींबरोबर निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी घर आवरायला काढलं. वाकळ धुवायला टाकावी म्हणून उचलली तर एका कोपऱ्यात काहीतरी टणक लागलं. तिथली शिवण वेगळी होती, हिरव्या दोऱ्याची, वाकडीतिकडी. ब्लेडनं उसवली. आत फडक्यात गुंडाळलेली बोरमाळ.

मी खाली बसलो. दाराला पिशवी अडकवल्याचा आवाज आला, डबा आला होता.

लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. आज करू, उद्या करू. नंबर काढायचो आणि पहिलं वाक्यच सुचायचं नाही. महिना गेल्यावर महिन्याचं ओझं वाढलं, वर्ष गेल्यावर वर्षाचं. माळ कपाटात ठेवली, आईच्या स्कॅनच्या सीडीच्या शेजारी. मधेच दाजींचा निरोप आला की अक्काची सासू वारली. मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ? असली दोन वर्षं मी काढली. एकटा राहणारा माणूस म्हणजे सज्जन असं लोकांना उगाच वाटतं. त्याला फक्त टोकणारं कुणी नसतं.

मागच्या महिन्यात संशोधकांकडून नवीन सूचना आली. जाड कापांचे स्कॅन बाजूला काढा. त्यांचे बारीक ठोकळे पाडत बसू नका, कारण दोन कापांच्या मधलं सगळं कॉम्प्युटर अंदाजानं भरतो. चित्र गुळगुळीत दिसतं, पण त्यात नवीन माहिती काही नसते. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण ती ओळ वाचली आणि मी उठून कपाट उघडलं, आईची सीडी काढली.

भर दुपार होती, रस्ता चिडीचूप. मी आईचं डोकं प्रोग्रामला लावलं. आधी एक मिलिमीटरचा ठोकळा. कॉम्प्युटर संध्याकाळपर्यंत दळत बसला आणि आकडा दिला: आठवणींचा भाग वयाच्या मानानं बराच आक्रसलेला. दुसऱ्या दिवशी दोनचा ठोकळा लावला. आकडा आला: वयाच्या मानानं ठीक. बाई तीच, दिवस तोच, सीडी तीच. मी माप बदललं आणि आई आजारी झाली, परत बदललं आणि बरी झाली. जो हवा तो आकडा घे, असं ते पडद्यावरचं चित्र मला म्हणत होतं. खरं उत्तर एकच होतं: या कापांतून काहीही सांगता येत नाही. आजही येत नाही, त्या दिवशीही येत नव्हतं.

आणि मला बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण आधी बरंच वाटलं. चला, एक गुन्हेगार सापडला! काप जाड होते. मशीनला दिसणं शक्यच नव्हतं, मग मला कुठून दिसणार? दोन वर्षं न सुचलेलं पहिलं वाक्य मला मिळालं. मी जाड आणि बारीक अशी दोन चित्रं छापून घेतली, माळ फडक्यासकट खिशात टाकली आणि सकाळच्या गाडीनं वैरागला गेलो.

अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पार पिकलेले. मला बघून हात थांबले, मग परत चालू झाले. "आलास व्हय," म्हणाली. उठून तांब्या आणला. "पानी पी आदी."

जेवायला वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी. दाजी रानात गेले होते. जेवून झाल्यावर मी चित्रं काढली आणि सुरू केलं. ठोकळा म्हणजे काय, जाड काप म्हणजे काय, मधे कसं सुटतं, कॉम्प्युटर अंदाज कसा करतो. वांग्याचं उदाहरणही दिलं. आयुष्यात एवढं सलग मी कुणाशी बोललो नसेन. ती एकेक शेंग फोडत ऐकत होती. मधे एकदा तिनं चित्र हातात घेतलं, उन्हाकडे धरून बघितलं. "ही आई व्हय?" म्हणाली आणि पदरानं कागद पुसून खाली ठेवला.

"म्हंजी आईला त्येच झालं व्हतं?"

"ते सांगता येत नाही अक्का. या स्कॅनवरून तेव्हाही सांगता येत नव्हतं."

"मग तवा कसं सांगितलंस?"

मी चित्रांची घडी घालायला लागलो.

"मशिनीला दिसलं नसंल," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिचा काय गुना? पर तुला मी दिसत व्हते की. फुडं हुबी व्हते. तू नुस्तं म्हनायचंस, माजी अक्का असलं करनार न्हाई. त्येला कुटलं मशीन लागतंय रं?"

मी खिशातनं फडकं काढलं, उघडलं आणि शेंगांच्या सुपाशेजारी ठेवलं. माळ बघून तिचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"कुटं गावली?"

"वाकळंत. आईनंच शिवून ठेवली होती, इथं असतानाच."

"कवा गावली?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. परवा म्हटलं असतं, तिनं विश्वास ठेवला असता. ती ठेवते विश्वास.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती हिशेब करायला लागली, ओठ हलत होते. "दोन वर्सं," म्हणाली. "सासूबाई मागल्या साली गेल्या. शेवटपातुर कपाटाची किल्ली कमरंला लावून व्हत्या. अंगात ताप, उटता येत न्हवतं, तरी किल्ली हातात देत न्हवत्या माज्या. मला बोलल्या कदी न्हाईत. पर किल्ली दिली न्हाई." सुपातली टरफलं तिनं फुंकून बाजूला केली. "तू फोन केला असतास तर त्यांच्या कानावर घातलं असतं मी."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पन्नाशी उलटलेला माणूस मी, बहिणीच्या ओट्यावर लहान पोरासारखा हुंदके देत होतो आणि ती मला गप्प करायला उठली नाही. मी म्हटलं, "अक्का, मी गल्लीत उभा राहून सांगतो. घरोघरी जाऊन सांगतो, माझी चूक झाली म्हणून."

"ज्यास्नी सांगायचं त्या गेल्या की."

"मग माळ तरी घे. तुझीच आहे ती."

तिनं माळ उचलली. एकेक मणी बोटांनी चाचपला. मला वाटलं, घालते आता गळ्यात. तिनं ती परत फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि माझ्या हातात दिली.

"तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माज्या घरात दिसली तर लोकं म्हनतील, व्हती की हिच्याचकडं."

मग तिनं आत वाकून घड्याळ बघितलं. "साडेपाचची गाडी हाय तुला. नीघ आता, चुकंल."

मी निघालो. वैरागहून सोलापूरला त्यानंतरही एक गाडी असते, सातची. तिला ती माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.